पिकेलहाउबे हातात आलं की आधी उलटं धरा

तीन वर्षांपूर्वी मी एक पिकेलहाउबे विकत घेतलं. पिकेलहाउबे म्हणजे ते जर्मन सैन्याचं डोक्यावर सुळका असलेलं काळं हेल्मेट, बिस्मार्कच्या फोटोत असतं ना, तेच. ऑनलाइन घेतलं, आणि विकणाऱ्याने सोबत कहाणी पण दिली, पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दंला लढले, माळ्यावर ट्रंक होती, आजी गेल्यावर सापडली वगैरे. मी कहाणीचेच पैसे दिले असं आता वाटतं. सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा मोठ्या कौतुकाने मामाला दाखवलं, मामाची सगळी हयात भांड्यांच्या धंद्यात गेलेली, त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुढचा पितळी गरुड नखाने दोनदा वाजवला आणि म्हणाला, "अरे हा ओतीव आहे, ह्याला डाय मारलेला नाही. आणि ही पॉलिश आपल्याकडची आहे." म्हणजे साहेब भारतात बनले, जर्मनीत गेले, मी हॅनोवरला बसून त्यांना विकत घेतलं आणि विमानाने परत माहेरी आणलं. आपल्याकडे सजावटीसाठी आणि शूटिंगसाठी अशी हेल्मेटं ढिगाने बनतात, त्यात काही चूक नाही, पण ती शंभर वर्षं जुनी म्हणून विकली जातात तिथे घोळ होतो.

त्यानंतर मी नीट शिकलो. हेल्मेट म्हणजे सातबारा आहे, कोणाच्या नावावर होतं, कधी फेरफार झाला, मधे कोण घुसलं, सगळं त्याच्यावरच नोंदलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. आणि सातबारा वाचायच्या आधी जमीन विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची नाही.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याने १८४२ मध्ये हे हेल्मेट सैन्यात आणलं. तेव्हा ते चांगलंच उंच होतं, पुढे १८५७, १८६०, १८६७, १८७१, १८८७, १८९१, १८९५ असे बदल होत होत बुटकं आणि हलकं होत गेलं. बाकीच्या जर्मन राज्यांनी हळूहळू उचललं, बव्हेरियाने तर थेट १८८६ ला, तोपर्यंत त्यांचं वेगळं, वर झुबकेदार तुरा असलेलं हेल्मेट होतं. आज बाजारात दिसणारी बहुतेक अस्सल हेल्मेटं १८९५ च्या मॉडेलची किंवा पहिल्या महायुद्धातली १९१५ ची असतात. त्यामुळे कोणी "१८७० च्या फ्रान्सच्या लढाईतलं" म्हणालं की कान टवकारायचे.

आता हेल्मेट हातात घ्या आणि आधी उलटं धरा. पुढचा चमकणारा गरुड बघायचाच नाही, गरुड सगळ्यात शेवटी. माझा हा नियम आहे, कारण पुढची बाजू बदलणं सोपं असतं आणि नजर तिथेच अडकते.

मानेवर येणारा मागचा जो छज्जा असतो त्याची आतली, म्हणजे खालची बाजू बघा. साध्या शिपायाचं सरकारी हेल्मेट असेल तर तिथे किंवा आत टोपाच्या भिंतीवर चामड्यात दाबलेले शिक्के असतात. डोळ्यांनी थेट दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च एकदम आडवा, चामड्याला जवळजवळ टेकवून धरायचा, मग अक्षरं सावलीत उठून येतात, आणि टॉर्च चारी बाजूंनी फिरवून प्रत्येक बाजूचा एक फोटो काढायचा, कारण एका कोनातून ३ दिसतो तो दुसऱ्या कोनातून ८ निघतो.

सगळ्यात जास्त सापडतो तो बी.ए. आणि पुढे रोमन आकडा, कधी खाली साल. बी.ए. म्हणजे बेक्लायडुंग्स-आम्ट, प्रत्येक आर्मी कोअरचं, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागाचं, कपडे-सामानाचं कोठार. रोमन आकडा म्हणजे कोअरचा नंबर, आणि कोअर म्हटलं की गाव आलं. रोमन दहा म्हणजे हॅनोवर, तीन म्हणजे बर्लिन, सात म्युन्स्टर, चौदा म्हणजे कार्ल्सरूह, म्हणजेच बाडेनचे लोक, तेरा श्टुटगार्ट, बारा ड्रेस्डेन, अठरा फ्रँकफर्ट. आकड्याच्या जागी जी असेल तर गार्ड कोअर. म्हणजे पहिल्या मिनिटात हेल्मेटाचा जिल्हा कळला.

मग रेजिमेंटचा शिक्का. आय.आर. म्हणजे इन्फंट्री रेजिमेंट, पण जुन्या जर्मन शिक्क्यांमध्ये आय च्या जागी बऱ्याचदा जे दिसतो, आणि नवशिका लगेच जे म्हणजे येगर, शिकारी पलटण, असं समजून नाचायला लागतो. मीही नाचलोय. मधे किंवा आधी अजून एक आर असेल तर रिझर्व्ह. जी.आर. ग्रेनेडियर, हेही पायदळच, एफ.ए.आर. म्हणजे मैदानी तोफखाना. पुढचा नंबर पुन्हा राज्य सांगतो, १०० ते १०७ सॅक्सनी, १०९ ते ११४ बाडेन, ११५ ते ११८ हेसन, ११९ ते १२७ वुर्टेंबर्ग, ८९ आणि ९० मेक्लेनबर्ग, ९१ ओल्डेनबर्ग, ९२ ब्राउनश्वाइग. बव्हेरियाने मात्र आपली मोजणी वेगळी ठेवली, एकपासून. त्यांचं सगळंच वेगळं असायचं.

इथे एक छान पडताळा आहे जो नकली शिक्के मारणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसतो. रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि बारा कंपन्या, १ ते ४ पहिल्या बटालियनमध्ये, ५ ते ८ दुसऱ्या, ९ ते १२ तिसऱ्या. त्यामुळे शिक्क्यात दुसरी बटालियन आणि सातवी कंपनी लिहिली असेल तर बरोबर, पण पहिली बटालियन आणि सातवी कंपनी असं असेल तर तुमच्यासमोर एक तर दोन वेगवेगळ्या काळातले शिक्के आहेत किंवा कोणीतरी घरी बसून ठोकलेत. कोअर आणि रेजिमेंट पण जुळतंय का बघा. ७७ नंबर सेलं गावाचा, ७९ हिल्डेसहाइमचा, १६४ हामेल्नचा, हे सगळे दहाव्या कोअरचे, त्यांच्या सोबत बी.ए. दहा आला की मन शांत होतं. नाही आला तर लगेच नकली म्हणू नका, युद्धात सामान इकडचं तिकडे खूप झालं, पण प्रश्नचिन्ह लावून ठेवा.

आणि खोडलेले शिक्के! हे माझं सगळ्यात आवडतं. हेल्मेट वर्षानुवर्षं वापरायचे, एका पलटणीतून दुसरीकडे, मग रिझर्व्हकडे, मग भरतीच्या पोरांकडे, आणि दर वेळी जुन्या शिक्क्यावर एक रेघ मारून शेजारी नवा शिक्का. अगदी तलाठ्याने जुनं नाव कंस करून नवं लिहावं तसं. तीन शिक्के, दोन खोडलेले, असं हेल्मेट बाहेरून कितीही फाटकं दिसलं तरी माझ्या दृष्टीने चकचकीत हेल्मेटापेक्षा दसपट बोलकं.

रेजिमेंटचा शिक्का अजिबातच नाही? मग तीन शक्यता. नकली, ही पहिली. दुसरी म्हणजे खासगी, कारण ऑफिसर आपलं हेल्मेट स्वतःच्या पैशाने दुकानातून घ्यायचे आणि पैसेवाली शिपाई पोरंही परेडसाठी भारीतलं शिवून घ्यायची, त्यावर सरकारी शिक्का नसतो, फारतर दुकानाचं नाव किंवा शाईने लिहिलेलं माप असतं. म्हणून ऑफिसरच्या हेल्मेटात ठळक रेजिमेंट शिक्का दिसला तर आनंद नाही, संशय. तिसरी शक्यता म्हणजे कोठारातून कधी बाहेरच न पडलेलं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य जर्मनीतल्या कोब्लेंझला होतं, तिथे त्यांना कोरी हेल्मेटं गोदामात सापडली, ती जहाजाने अमेरिकेत नेली आणि १९१९ च्या व्हिक्टरी लोनच्या, म्हणजे युद्धाच्या खर्चासाठी लोकांकडून घ्यायच्या सरकारी कर्जाच्या, प्रचारात वापरली, न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर तर हेल्मेटांचे अक्षरशः पिरॅमिड रचले होते. त्यामुळे अमेरिकेतून आलेलं, फक्त बी.ए. चा शिक्का असलेलं, आतली पट्टी घामाने काळी न पडलेलं हेल्मेट अस्सल असू शकतं. फक्त मग सोबत "पणजोबांनी खंदकात वापरलं" ही कहाणी घ्यायची नाही.

आत आहातच तर अस्तर पण बघून घ्या. शिपायाच्या हेल्मेटात चामड्याच्या पाकळ्या असतात, वर दोरीने एकत्र ओढलेल्या, ऑफिसरच्यात रेशमी कापड आणि मऊ चामड्याची पट्टी. छज्जांची खालची बाजू शिपायाची काळी, ऑफिसरची पुढे हिरवी आणि मागे लाल. आणि दोरा बघा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, नोटा तपासायचा, तो अंधारात मारला आणि शिवण निळसर पांढरी चमकली तर तो दोरा आजकालचा. सगळंच नकली असं नाही, कोणी नंतर शिवून घेतलं असेल, पण नोंद झाली.

आता सरळ करा, पण गरुडाकडे अजून नाही, दोन्ही कानांवर बघा. हनुवटीचा पट्टा जिथे अडकतो तिथे गोल रंगीत चकत्या असतात, कोकार्ड. १८९७ पर्यंत फक्त उजवीकडे एकच, आपल्या राज्याची. १८९७ च्या मार्चमध्ये सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने अख्ख्या साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती आली, ती उजवीकडे बसली आणि राज्याची डावीकडे गेली. म्हणजे १८७० च्या लढाईतलं म्हणून जे हेल्मेट दाखवतात त्यावर काळी-पांढरी-लाल चकती असेल तर एक तर ते नंतरही वापरात होतं किंवा थाप आहे, कारण १८७० साली ते साम्राज्यच नव्हतं, त्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ ची. राज्यांचे रंग पाठ करायला सोपे आहेत, प्रशिया काळा-पांढरा-काळा, बव्हेरिया पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनी पांढरा-हिरवा-पांढरा, वुर्टेंबर्ग काळा-लाल-काळा, बाडेन पिवळा-लाल-पिवळा, हेसन पांढरा-लाल-पांढरा. बव्हेरियाचे सिंह पुढे आणि कानावर प्रशियाची चकती, असली खिचडी मी स्वतः हॅनोवरच्या लाइनं नदीच्या काठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात पाहिली आहे आणि विकणारा ठामपणे "असंच असतं" म्हणत होता. नसतं.

सुळक्याबद्दल फार लिहीत नाही. सुळक्याऐवजी गोळा असेल तर बहुतेक तोफखाना. तळ गोल आणि पुढचा छज्जा गोलसर असेल तर पायदळ. तळ क्रॉससारखा चार पायांचा आणि छज्जा चौकोनी कोपऱ्याचा असेल तर प्रशियात ड्रॅगून म्हणजे घोडदळ, नाहीतर जनरल, पण बव्हेरियात साध्या शिपायालाही चार पायांचा तळ सापडतो म्हणून नुसत्या तळावरून कोणाला जनरल करू नका. तळावरच्या खिळ्यांची डोकी चांदणीच्या आकाराची असतील तर ऑफिसर. मागच्या कण्यावर, म्हणजे पाठीमागून खाली येणाऱ्या धातूच्या पट्टीवर, हवेसाठी सरकणारी छोटी झडप हे १८९५ च्या मॉडेलचं लक्षण.

आणि आता तो बिल्ला. प्रशियाचा गरुड, छातीवर एफ आर म्हणजे फ्रेडेरिकुस रेक्स, पट्टीवर "देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी" अशा अर्थाचं जर्मन वाक्य. बव्हेरियाचे दोन सिंह, बाडेनचा ग्रिफिन म्हणजे सिंहाच्या अंगाचा गरुड, हेसनचा तलवारवाला सिंह, सॅक्सनीची चांदणी. गरुडावर छोटा क्रॉस बसवला असेल तर रिझर्व्ह किंवा लांडवेर, म्हणजे वयाने मोठे राखीव सैनिक. चित्र ओळखणं हे फोटो जुळवून कोणीही करेल, खरी गंमत पाठीमागे आहे. अस्सल बिल्ला पातळ पत्र्यावर डाय मारून काढलेला असतो, त्यामुळे पुढे जी रेघ वर आलेली असते ती मागे खोल गेलेली दिसते, पिसांची धार बोटाला लागते. ओतीव बिल्ला जड, पिसं मेणासारखी वितळलेली, पाठ सपाट. मामाने नख वाजवून हेच ऐकलं होतं.

मग तो बसवलाय कसा ते बघा. शिपायाच्या बिल्ल्याला मागे पितळी कड्या डाग देऊन लावलेल्या असतात, त्या चामड्याच्या भोकातून आत येतात आणि आतून चामड्याची पाचर मारतात. ऑफिसरच्या बिल्ल्याला आटे असलेले दांडे आणि नट. अस्तर हळूच बाजूला करून आतून भोकं मोजा, बिल्ल्याला लागतात त्याहून जास्त भोकं असतील तर आधी इथे दुसरा बिल्ला होता. शिपायाच्या टोपाला आट्यांचा बिल्ला असेल तरी तेच. आणि चार-काप्याचा म्हणजे फिलिप्सचा स्क्रू दिसला तर काही बोलू नका, हसून नमस्कार करा आणि पुढच्या टेबलावर जा.

एक उदाहरण सविस्तर सांगतो कारण ते मला फार आवडतं. हॅनोवरच्या ७३ नंबर फ्युझिलियर, म्हणजे पायदळाच्याच, रेजिमेंटच्या गरुडावर एक जादा पट्टी असायची, तिच्यावर पेनिन्सुला (म्हणजे स्पेन-पोर्तुगालची मोहीम) आणि वॉटर्लू अशी नावं. जर्मन टोपावर इंग्रजांच्या लढायांची नावं, हे काय प्रकरण? तर तिसरा जॉर्ज हा इंग्लंडचा राजा आणि हॅनोवरचाही मालक, नेपोलियनने हॅनोवर घेतल्यावर तिथले सैनिक इंग्लंडला जाऊन किंग्ज जर्मन लीजन म्हणून वेलिंग्टनच्या हाताखाली लढले. वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली ज्याने १८०३ च्या २३ सप्टेंबरला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांना हरवलं, त्यामुळे ती पट्टी पाहिली की मला उगाच भोकरदन आठवतं. पुढे १८६६ ला प्रशियाने हॅनोवर गिळलं, आणि १८९९ ला सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने हॅनोवरच्या पलटणींना ते जुने मान परत दिले. १९१४ ला हेच लोक वॉटर्लूची पट्टी डोक्यावर मिरवत इंग्रजांच्या विरुद्धच्या युद्धात उतरले. आता याचा उपयोग असा, की आत ७३ चा शिक्का आहे, साल १८९९ नंतरचं पण युद्धाच्या आधीचं, आणि पुढे मात्र साधा, जादा पट्टी नसलेला गरुड, तर बिल्ला नंतर बदललेला असण्याची शक्यता खूप. उलट पट्टी आहे पण आत बर्लिनच्या कोअरचा शिक्का, तर कोणीतरी साध्या हेल्मेटावर महागडा गरुड चढवून किंमत वाढवली असण्याची शक्यता खूप. आत आणि बाहेर एकच गोष्ट सांगतायत का, एवढंच बघायचं असतं.

युद्धातली हेल्मेटं वेगळी वाचावी लागतात. इंग्रजांच्या आरमाराने नाकेबंदी केली, बाहेरून, विशेषतः दक्षिण अमेरिकेतून येणारं चामडं बंद झालं आणि १९१४-१५ मध्ये फेल्ट, बूच, फायबर, अगदी पातळ पत्रा, मिळेल त्याची हेल्मेटं केली. ही बघायला गरीब असतात म्हणून लोक नकली समजून टाकून देतात, तसं करू नका. १९१५ च्या मॉडेलला पितळ नाही, करड्या रंगाचं पोलाद आणि सुळका फिरवून निघणारा, कारण खंदकातून तो वर दिसायचा. इथे लोहचुंबक कामाला येतो, करडा बिल्ला चिकटला पाहिजे, पिवळा चिकटला तर तो पत्र्यावर पितळी मुलामा आहे आणि मग कठीण आहे. कापडी कव्हर सोबत आलं असेल तर त्यावरचा नंबर युद्धाच्या सुरुवातीपर्यंत लाल, १९१४ मध्येच तो हिरवा केला कारण लाल रंग लांबून दिसायचा. १९१६ ला पोलादी हेल्मेट आलं आणि सुळक्याचे दिवस आघाडीवर तरी संपले.

आत कोणाचं नाव सापडलं, कागदाची चिठ्ठी किंवा शाईने, तर लॉटरी. पण प्रशियाच्या सैन्याचं दप्तर पॉट्सडॅमला होतं आणि ते १९४५ च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात जळलं, त्यामुळे प्रशियाच्या शिपायाची सर्व्हिस फाइल बहुतेक मिळत नाही. बव्हेरियाची रजिस्टरं म्युनिकला, वुर्टेंबर्गची श्टुटगार्टला, बाडेनची कार्ल्सरूहला अजून आहेत. आणि मेलेल्या-जखमी झालेल्यांच्या छापील याद्या, फेरलुस्टलिस्टं, इंटरनेटवर नावाने शोधता येतात. नाव, रेजिमेंट आणि कंपनी तिन्ही जुळली तरच आनंद करायचा, कारण म्युलर आडनावाचे लोक त्या यादीत आपल्याकडच्या पाटलांइतके आहेत.

मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटला, अशी हेल्मेटं टांगलेली दिसतात, मी पाहिली ती सगळी सजावटीची होती, पण घरात कोणाकडे अस्सल निघालं तर लक्षात ठेवा की १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू येतात आणि त्या केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि कृपा करून ब्रासो लावू नका. पितांबरी पण नाही. चामड्याला तेल, बूट पॉलिश, काही नको. ओलसर कपाटात ठेवू नका, आत ॲसिड-फ्री कागदाचा बोळा घालून आकार धरून ठेवा, बस. मुंबईच्या पावसाळ्यात सिलिका जेलची पाकिटं जवळ टाका आणि महिन्याने बदला.

माझं दुसरं हेल्मेट मी त्या शनिवारच्या बाजारातून घेतलं, पहिल्याच्या निम्म्या पैशात. सुळका नाही, पुढचा छज्जा वाळून वर वळलाय, गरुडाचा एक पंख वाकलेला, कहाणी काहीच नाही, विकणाऱ्या बाईंना ते कुठून आलं माहीत नव्हतं. आत बी.ए. दहा, त्याच्या शेजारी एक खोडलेला ७७, मग एक रिझर्व्हचा शिक्का ज्याचा पहिला आकडा पुसलाय, मागे शाईने ५६ माप. आणि आतल्या पट्टीच्या मागे, कपाळाच्या जागी, वर्तमानपत्राची चौपदरी घडी कोंबलेली, जुन्या गॉथिक अक्षरातली, घामाने तपकिरी झालेली. ७७ चा असेल नाहीतर रिझर्व्हचा, पण ज्याच्या वाट्याला ते शेवटी आलं त्याचं डोकं ५६ पेक्षा लहान होतं. ती घडी मी अजून उघडलेली नाही, उघडली तर तुटेल.